शब्द द्या, साहेब

आमच्या दारव्ह्यात कुणी वारलं की ती बातमी पेपरात यायच्या आधी दलसिंगकाकांच्या ऑटोतून येते. ऑटो जुना, टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढे आणि एकाचं मागे. आत एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं माइक धरलेले दलसिंग राठोड. उद्या नळ येणार नाही, बाजाराच्या दिवशी साड्यांचा सेल आहे, लहान मुलांना डोस पाजून घ्या, अमक्यांची अंत्ययात्रा चार वाजता निघेल, हे सगळं ते एकाच गंभीर आवाजात सांगायचे. साड्यांचा सेल ऐकतानाही कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं.

काकांचे आवाज दोन होते. माइकचं बटन दाबलं की ते शुद्ध मराठी बोलायचे, इतकं शुद्ध की माझ्या मराठीच्या बाईंनाही जमलं नसतं. बटन सोडलं की वऱ्हाडी सुरू.

“सर्व नागरिकांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.” खट्. “काहून बे, रस्त्याच्या मधात गाडी लावून राह्यला? तुह्या बापाचा रस्ता हाये काय?” खट्. “ही नम्र विनंती.”

कधीकधी बटन अडकायचं. मग ‘तुह्या बापाचा रस्ता’ही गावभर जायचा.

बसस्टँडजवळ बाबांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बीएस्सी झाल्यावर दोन वर्षं मी तिथे बसले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते असं सांगायचं आणि गिऱ्हाइकाकडे न पाहता कॉम्प्युटरकडे पाहायचं, असं माझं चाललं होतं. काका रोज सकाळी चिठ्ठी घेऊन यायचे. तिच्यावरचा मजकूर मी मोठ्या अक्षरात टाइप करून द्यायचे, इतक्या मोठ्या की एका पानावर चार ओळी मावत. चष्मा लावा म्हटलं तर म्हणायचे, “ऑटोवाल्यानं चष्मा लावला का सवारी बसत नाही.” त्यांच्या ऑटोत सवारी बसून दहा वर्षं झाली होती. मागच्या सीटवर बॅटरी आणि अॅम्प्लिफायर बसायचे.

मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. आमच्याकडे अशा सगळ्याच शाळांना कॉन्व्हेंट म्हणतात, म्हणून काका मलाही कॉन्व्हेंटच म्हणायचे.

“ए कॉन्व्हेंट, ‘दुःखद’मध्ये दोन टिंबं राहिली. दोन टिंबं नसली का दुःख अर्धंच वाटते.”

ते स्वतः आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेले. माझं मराठी जे काही सुधारलं ते त्यांच्या निधनवार्तांमुळे. मी कमी बोलते हे बाबांना खटकायचं, काकांना कधी खटकलं नाही. “बोलाचं काम माह्यं हाये,” ते म्हणायचे. “दोघंही बोलाले लागलो तर ऐकन कोण?”

प्राण्यांचं त्यांनी कधी सुरू केलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण दिवसभर माणसाच्या चालीनं गल्लीगल्लीतून फिरणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळं दिसायचं. नालीत पडलेलं पिल्लू, तोंडात प्लास्टिकची पन्नी अडकलेली गाय, खांबावर चढून बसलेली आणि उतरायचं विसरलेली मांजर. सीटखाली पोतं, दोर, हळद आणि दुधाची बाटली असायची. हाताशी माइक होताच.

“मंदिरामागील विहिरीत एक मांजर पडली आहे. ज्या दानशूर व्यक्तीकडे लांब शिडी असेल त्यांनी कृपया संपर्क साधावा.” खट्. “लक्ष्मणराव, तुमच्याजवळ हाये ना हो शिडी. मी पाह्यली हाये.”

कुत्र्यांच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. “कुत्र्याले मालक नसते, आडनाव असते.” ज्याच्या घरची पोळी तो खातो, त्याचं आडनाव त्याला लागायचं. ‘आमचा नाही हो, नुसता दारात येते’ असं म्हणणाऱ्याला काका शांतपणे विचारायचे, “पोळी कोण टाकते?” संपलं. त्या दिवसापासून गल्लीत एक काळू वानखडे नाहीतर शेरू जयस्वाल राहायला यायचा. रेबीजच्या लसीच्या दिवशी काका भोंग्यावरून हजेरी घ्यायचे, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पोळी टाकणाऱ्याला कुत्रं घेऊन यावंच लागायचं. नाही आला तर त्याच्या दारासमोर ऑटो बंद पडायचा आणि हजेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

यातूनच टायगरचं प्रकरण झालं.

कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेल्या बाबाराव गावंडे यांच्या ओट्यावर एक पिवळा कुत्रा बारा वर्षं झोपायचा. बाबाराव म्हणायचे, “तो ओट्याचा हाये, माह्या नाही.” एका सकाळी टायगर ओट्यावरच झोपेत गेला. काकांनी दुकानात येऊन चिठ्ठी दिली. निधनाचा नमुना कॉम्प्युटरमध्ये तयारच असायचा, मी फक्त नाव बदललं. ‘टायगर बाबाराव गावंडे यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले असून अंत्ययात्रा त्यांच्या राहत्या घरून सकाळी अकरा वाजता निघेल.’ दोन टिंबं बरोबर दिली होती.

गोम अशी की ऑटो चालता असतो. एका गल्लीला घोषणेचं डोकं मिळतं, पुढच्या गल्लीला शेपूट. ज्या गल्लीत ‘टायगर’ ऐकू आलं तिथे लोक हसले. ज्या गल्लीत ‘बाबाराव गावंडे’पासून पुढचं ऐकू आलं, तिथे लोकांनी टोप्या घातल्या.

अकरा वाजता बाबाराव बनियनवर बसून पोहे खात होते. समोर पंचवीसेक माणसं जमली. जिनिंगमधले सोबती हार घेऊन आले. कुणीतरी फोन केला म्हणून दिग्रसहून व्याही जीपनं आले. आतून त्यांच्या बायकोनं एवढी माणसं पाहिली आणि काय झालं ते न विचारताच रडायला सुरुवात केली.

“कोण गेलं बे?” बाबारावांनी विचारलं.

हारवाल्या सोबत्यानं पुढे येऊन आधी त्यांचा दंड चाचपून पाहिला. “तू गेला म्हणते ना भोंग्यावर.”

“मी? मले तर कोणी सांगतलंच नाही!”

अर्ध्या तासानं बाबाराव तणतणत दुकानात आले. मी मॉनिटरच्या मागे जेवढं जाता येईल तेवढी गेले. काका दुकानातच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग माइकवर असल्यासारखं सावकाश विचारलं, “पण बाबाराव, कुत्रं तुमचं नव्हतंच ना? मंग त्याच्या नावापुढं तुमचं नाव लागलं, तर ते ओट्याले लागलं असं समजा.”

बाबारावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना. “बारा वर्षं होता बावा,” एवढंच म्हणाले.

हार फुकट जाऊ नये म्हणून तो टायगरला घातला. जमलेल्यांपैकी निम्मी माणसं “आलोच हाओत तर चला” म्हणत बाबारावांच्या शेतापर्यंत गेली. व्याहीसुद्धा गेले.

बाकी काका भोंग्यावरून माणसाला कधी नावानं बोलले नाहीत. “नाव घेतलं का माणूस भांडते. पत्ता सांगतला का लाजते.” हे त्यांचं शास्त्र होतं. एकदा कुणीतरी पोत्यात तीन पिल्लं बांधून पुलाखाली टाकली. काकांनी पोतं ऑटोत घेतलं आणि घोषणा केली: “आज सकाळी सहाच्या सुमारास एका सुशिक्षित गृहस्थांची तीन पिल्ले नजरचुकीने पुलाखाली राहिली आहेत. गृहस्थांच्या घराचे गेट निळ्या रंगाचे आहे. दुपारपर्यंत पिल्ले नेल्यास पुढील पत्ता सांगण्यात येणार नाही.”

दुपारपर्यंत निळ्या गेटचे तीन गृहस्थ आले. दोषी त्यातला एकच. बाकीचे दोघे ‘आमचा काही संबंध नाही’ हे सांगायला आले होते, पण तोवर गल्लीनं त्यांना येताना पाहिलं होतं. रिकाम्या हातानं परत गेलं तर संशय पक्का होईल, म्हणून दोघांनी एकेक पिल्लू नेलं. दोषी गृहस्थांना काकांनी तिसरं दिलं आणि हळूच सांगितलं, “आता यायच्या मायचं ऑपरेशन करून घ्या. नाहीतर पुढच्या खेपेले गाडीचा नंबर सांगीन.” आणखी एका निळ्या गेटवाल्यानं त्याच संध्याकाळी गेटाला हिरवा रंग मारून घेतला. त्या रंगाचा वास दोन दिवस आमच्याच गेटाला येत होता.

पिल्लू न्यायचं तर अर्ज भरावा लागायचा. तोही मीच टाइप केलेला. घरी दुपारी कोण असते? दिवाळीत गावाला गेल्यास जनावर कुठे राहील? जनावर म्हातारे झाल्यास काय कराल? आणि शेवटी घरातल्या बाईची सही. पुरुषाची सही काका चालू देत नसत. “नवरा हौसेनं आणते, पोळी तिले टाकावी लागते.” एका तरुण व्यापाऱ्यानं सांगितलं, मिसेस माहेरी गेली आहे, मी करतो सही. काका म्हणाले, “मंग कुत्रं बी माहेरीच गेलं समजा. ती आली का तेही येईन.”

स्वतःच्या घरी मात्र त्यांच्याकडे एकही जनावर नव्हतं. सुशीलाकाकूंची सही मिळत नव्हती. काकू म्हणायच्या, “घरात एक भोंगा हाये, तेवढा पुरे.”

मग ब्रुनो आला. म्हणजे आला नाही, राहिला.

एका सरकारी खात्यातले साहेब तीन वर्षं गावात होते. त्यांची यवतमाळला बदली झाली, ट्रक भरून सामान गेलं, आणि क्वार्टरच्या फाटकाशी सोनेरी रंगाचा लॅब्रेडोर आणि त्याची स्टीलची थाळी राहिली. चौकीदार किसनला साहेब जाताना म्हणाले होते, “बघून घ्या जरा.” किसन बघत होता. कुत्रा जेवत नव्हता.

पहिल्या दिवशी वरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी दूध. तिसऱ्या दिवशी गल्लीतून अंडी, बिस्किटं आणि एकाकडून मटणाचा रस्सा आला. ब्रुनो थाळीसमोर बसायचा, पाणी तेवढं प्यायचा, पण थाळीला तोंड लावायचा नाही. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. “मालकाचं दुःख करून राह्यला बिचारा.” “माणसाले नाही राहात एवढी माया.” चौथ्या दिवशी काकांनी त्याला ऑटोत घालून आपल्या अंगणात आणलं, सहीचा विषय न काढता, ‘दोन दिवसांसाठी’ असं काकूंना सांगून. जनावरांच्या डॉक्टरांनी दोनदा सलाइन लावलं. “आजार काहीच नाही,” ते म्हणाले, “पण असाच उपाशी राहिला तर अजून दोन-तीन दिवस. त्याच्या वर मी सांगू शकत नाही.”

काका त्या दिवशी कुणावरच ओरडले नाहीत. रस्त्याच्या मध्ये गाड्या तशाच उभ्या होत्या.

पाचव्या दिवशी प्रिंट द्यायला मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी थाळी ठेवली. अंगणात सात-आठ माणसं होती, म्हणून मी भिंतीशी उभी राहिले आणि कुत्र्याकडे पाहत राहिले, माणसांकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं. दुःखी जनावर थाळीकडे पाठ करून पडून राहतं. हा थाळीसमोर पाठ ताठ करून बसला होता. तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत. आणि तो थाळीकडे पाहतच नव्हता. आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होता. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात आल्यावर मुलं घंटेची वाट पाहतात, तसा.

एवढ्या माणसांत मला बोलता येईना. प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘तो दुःखी नाही. तो परवानगीची वाट पाहतो आहे. साहेबांचा काहीतरी ठरलेला शब्द असेल.’ कागद काकांना दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि घोषणेच्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवला. शेवटी सवयीनं ‘ही नम्र विनंती’ असंही म्हणाले.

“म्हणजे तो भुकेनं मरून राह्यला,” काकू म्हणाल्या, “अन् आपण नुसते रडून राह्यलो?”

सगळे एकदम सुरू झाले. “खाय.” “जेव रे बाप्पा.” “घे, घे.” काकूंनी बंजारा तांड्यावरच्या आपल्या गोरबोलीत समजावून पाहिलं, “आव, बाटी खाले.” ब्रुनोनं सगळ्यांचं आदरानं ऐकून घेतलं.

“लॅब्रेडोर हाये ना तो,” किसन म्हणाला. “त्याले आपली भाषा कुठून येईन? साहेब त्याच्याशी इंग्लिशच बोलत असन.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“ए कॉन्व्हेंट,” काका म्हणाले, “हा तुह्या मीडियमचा हाये.”

पुढची वीस मिनिटं मी अजून विसरायचा प्रयत्न करते. खाण्याशी संबंधित जेवढं इंग्रजी मला येत होतं तेवढं मी एका कुत्र्याला म्हटलं. ईट. टेक इट. गो. ओके. स्टार्ट. लंच टाइम. एका बाईंनी ‘प्लीज लावून पाहा’ म्हणून सुचवलं, तेही लावलं. ‘सिट’ म्हटल्यावर तो आणखी ताठ बसला, म्हणजे भाषा त्याला येत होती. एवढ्यावरच अंगण खूश झालं. मग काकांना वाटलं माझा आवाज बारीक पडतो, आणि त्यांनी ऑटोतला माइक ओढून माझ्या हातात दिला. त्या दिवशी अर्ध्या दारव्ह्यानं ‘ब्रुनो, प्लीज ईट’ ऐकलं. बाबांनी दुकानात ऐकलं. मुलगी बोलली, याचाच त्यांना आनंद झाला.

ब्रुनो जेवला नाही. संध्याकाळी त्यानं पुढचे पाय पसरून डोकं त्यावर ठेवलं, थाळीसमोरच.

किसनजवळ साहेबांचा नंबर होता. साहेब किसनचा फोन उचलत नव्हते. काकांच्या फोनवरून लावला, बाबांच्या फोनवरून लावला, माझ्या फोनवरून लावला. रिंग जायची आणि बंद व्हायची.

“सकाळी मी जातो,” काका म्हणाले.

“चाळीस किलोमीटर? या ऑटोनं?” काकू म्हणाल्या. “अन् तिथं जाऊन त्यायनं दार नाही उघडलं तर?”

“फोन उचलला नाही का बंद होते. भोंगा कोणाले उचला लागत नाही.”

नवा पत्ता किसननं सामानाच्या ट्रकवाल्याकडून काढला. सकाळी असं ठरलं की काका यवतमाळला पोचल्यावर मला फोन लावतील आणि फोन चालूच ठेवून शर्टाच्या खिशात टाकतील. मी, काकू आणि किसन थाळी भरून ब्रुनोसमोर बसायचं. शब्द कानावर पडला की लगेच म्हणायचा. त्यांना परत यायला दोन तास लागणार, आणि ब्रुनोकडे पाहून दोन तासांचं कुणालाच सांगता येत नव्हतं. आज तो ताठही बसत नव्हता. थाळी ठेवल्यावर बसायचा प्रयत्न करायचा आणि मागचे पाय सरकायचे.

फोन आला. मी स्पीकर लावला. आधी ऑटोची खडखड, मग खट्, आणि मग यवतमाळच्या कुठल्यातरी गल्लीत काकांचा माइकवरचा शुद्ध आवाज सुटला.

“यवतमाळकर बंधू-भगिनींनो! दारव्ह्याहून नुकतेच बदलून आलेल्या एका सन्माननीय कुटुंबातील एक सदस्य दारव्ह्यालाच राहिले आहेत. सदर सदस्य सहा दिवसांपासून उपाशी असून त्यांची प्रकृती चिंताजनक आहे. कुटुंबाच्या दारात अद्याप सामानाची खोकी आहेत. तरी त्यांनी तातडीने बाहेर यावे, ही नम्र विनंती.”

खिडक्या उघडल्याचे आवाज आले.

“अहो साहेब,” एक पुरुषी आवाज म्हणाला, “वडिलांना तिथंच ठेवून आलात की काय?”

“वडील नसन हो, सासू असन,” एक बाई.

“सासू तर इथं हाये. काल पाह्यली म्या.”

“शिकलेली माणसं बाप्पा!”

दार उघडलं. “कोण आहे? काय चाललंय हे?” हा आवाज किसननं लगेच ओळखला आणि अंगणात बसल्या जागेवरून उठून उभा राहिला. साहेब विचारत होते, “भोंग्याची परवानगी आहे का तुमच्याकडे?”

“हाये ना साहेब. दारव्ह्याची.”

“हे दारव्हा आहे का?”

“साहेब, मी भांडाले नाही आलो. ब्रुनो मरून राह्यला. वापस घ्या असं बी मी म्हणत नाही. फक्त शब्द द्या.”

“शब्द?” साहेबांचा आवाज एकदम सावध झाला. “मी असा कुणाला शब्द वगैरे देत नसतो. काय असेल ते लेखी द्या.”

“लेखी त्याले वाचता येत नाही ना, साहेब.”

“कुणाला?”

“ब्रुनोले! थाळी ठेवल्यावर तुमी त्याले काय म्हणत होते? तो शब्द द्या. त्याच्याबिगर तो घासाले तोंड लावत नाही. आज सहावा दिवस हाये.”

मग एका बाईचा दबका आवाज आला, साहेबांच्या बायकोचा असावा. “अहो, ते तुम्ही ऑफिसातलं म्हणायचे ना, गमतीनं. मी म्हटलं होतं तुम्हाला, कुणाला तरी सांगून या.”

साहेबांनी घसा साफ केला.

“मंजूर,” ते म्हणाले.

“धन्यवाद साहेब, लय उपकार झाले. आता शब्द सांगा.”

“मंजूर.”

“हो साहेब, मंजूर झालं ते समजलं. पण शब्द कोणता?”

“अहो, मंजूर! मंजूर!”

इकडे पहिल्याच ‘मंजूर’ला ब्रुनोचं तोंड थाळीत गेलं होतं. आम्हाला काही कळायच्या आत थाळी फरशीवरून सरकत भिंतीला जाऊन लागली आणि तो तिच्यामागे गेला, मागचे पाय ओढत. दूधपोळी संपत होती. किसन “खाल्लं! खाल्लं!” करून नाचत होता. काकू फोनवर ओरडत होत्या, “अहो, खाऊन राह्यला तो! भांडू नका त्यायच्याशी!” पण त्यांचा आवाज काकांच्या खिशातून वर पोचत नव्हता, आणि तिकडे ‘शब्द सांगा’ आणि ‘मंजूर’ हे चालूच होतं. मी माझं सगळं इंग्रजी आठवत बसले होते. बिचाऱ्या ब्रुनोचं शिक्षण फायलींवर झालेलं.

शेवटी खिशातला आरडाओरडा काकांना ऐकू गेला. “थांबा साहेब,” ते म्हणाले. “खाऊन राह्यला म्हणते.”

मग साहेबांनी विचारलं, “जेवतोय?” आणि मग, “फोन द्या जरा.”

खरखर झाली. “ब्रुनो,” साहेबांचा आवाज अगदी जवळून आला. “ब्रुनो, बेटा.”

ब्रुनो थांबला. थाळीतून मान वर करून त्यानं फोनकडे पाहिलं. नाकाला दूध लागलेलं होतं, ते चाटायचंही तो विसरला.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लाल बटन दाबलं.

“जेवताना कोणाचा फोन घ्याचा नाही,” त्या ब्रुनोला म्हणाल्या. जरा थांबल्या, पदर सावरला आणि साहेबांपेक्षाही करड्या आवाजात म्हणाल्या, “मंजूर.”

तो पुन्हा जेवू लागला.

काका दुपारी परत आले तेव्हा काकूंनी त्यांच्याच बॅगेतला कोरा अर्ज काढून ठेवला होता. काकांना तो पूर्ण भरावा लागला. ‘जनावर म्हातारे झाल्यास काय कराल?’ या प्रश्नापाशी ते अडले आणि म्हणाले, “कोण आधी होईन ते पाहू.” काकूंनी सही केली. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्याकडून अर्जात एक ओळ वाढवून घेतली: ‘नोकरी बदलीची आहे काय?’

साहेबांचे त्यानंतर दोन-तीनदा फोन आले. काका दरवेळी आवाज शुद्ध करून सांगायचे, “सदस्यांची प्रकृती उत्तम आहे,” आणि ठेवून द्यायचे. ब्रुनो त्यांच्यासोबत ऑटोतून फिरू लागला, बॅटरी आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये. किसन सांगतो की आता काकूंनी ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय काकाही ताटाला हात लावत नाहीत. मला ते खरं वाटत नाही, पण पूर्ण खोटंही वाटत नाही.

पुढच्या वर्षी मला नागपूरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी काका दुकानात आले नाहीत. कुणाची तरी अंत्ययात्रा होती आणि तिची घोषणा मीच आदल्या दिवशी टाइप केली होती. भरदुपारची बस होती. बाजाराचा दिवस, म्हणून चौकात बस अडकली. माझ्या खिडकीची काच बसलेली होती, सरकत नव्हती. तिच्यातून पलीकडे निंबाखाली काकांचा ऑटो दिसला.

काका डबा उघडून थाळीत काढत होते. ब्रुनो समोर ताठ बसला होता. थाळी ठेवून काका सरळ झाले तेव्हा दिसलं की त्यांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरलेला आहे, तोंड उघडायची सोय नाही. त्यांनी ब्रुनोला हातानं ‘थांब’ अशी खूण केली आणि थुंकायला जागा पाहू लागले. इकडे भाजीची टोपली, तिकडे चपलांचं दुकान. ते नालीपर्यंत चालत गेले. ब्रुनोचं तोंड त्यांच्यासोबत वळत गेलं. काका घाईघाईनं परत येत होते आणि बस हलली. तेवढ्यात मध्ये केळ्यांचा हातगाडा आला. काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

हातगाडा सरकला, तेव्हा ब्रुनोची मान थाळीत होती.